गनकाकांच्या दोन पट्ट्या

सरावलीचे गनकाका गेल्या मे महिन्यात राहत्या घरी वारले. समुद्रातल्या तेलविहिरींवर त्यांची नोकरी झाली होती. विहिरीत पोलादी पाइप उतरवला, त्याच्याभोवती सिमेंट भरलं की तेलाची वाट बंद होते. मग स्फोटकांची नळी आत सोडून पाइपला भोकं पाडतात. त्या नळीला गन म्हणतात.

‘स्फोट’ हा शब्द त्यांना चालत नसे. “बार दिवाळीत उडवा. आम्ही भोकं पाडतो.”

खिडकीत चाचणीतल्या दोन पोलादी पट्ट्या होत्या. एकीच्या भोकात पेन्सिल जाई, दुसरीच्या भोकात अंगठा. पहिलीचा चार्ज, म्हणजे नळीतलं स्फोटक, अरुंद पण खोल जाणारा, कठीण खडकासाठी. दुसरीचा रुंद आणि उथळ. भुसभुशीत थरासाठी, जिथे थर आत येऊ नये म्हणून पाइपमागे जाड वाळूची गाळणी भरतात. “यातला चांगला कुठला?” ते येणाऱ्याला विचारत. कुणी लगेच बोट दाखवलं की म्हणत, “पलीकडे काय आहे, ते विचारलंस?” चार्ज किती खोल जातो याच्या माहितीपत्रकातल्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. “ती काँक्रीटमधली. खडकात कमीच धर.”

त्यांच्या चिकूच्या वाडीत तलासरीकडचा लहानू कामाला येई. काका जाण्याआधी, मार्चमध्ये, त्याच्या पाड्याची एकुलती बोअरवेल कोरडी पडली. बायका ओहळात खड्डे करून पाणी भरू लागल्या.

“काका, तुमचा एक बार टाका ना आत.”

“पाइप फुटेल. आणि तुरुंगात मला डबा कोण आणणार, तू?”

“समुद्रातून तेल काढता, नि आमाला पाणी नाय?”

काका पाड्यावर गेले. खोदताना पाणी वरच्या मुरमातही लागलं होतं, आणि नेमका तिथेच बिनभोकांचा पाइप बसवलेला होता. चेन-पुलीने तो वर काढला. काकांच्या सांगण्यावरून ड्रिलने मोठी भोकं पाडली. पाणी आलं. आठवड्याभरात हातपंप अडकला. काकांनी पाणी बाटलीत भरून ठेवलं. संध्याकाळपर्यंत तळाशी दोन बोटं मुरूम बसला.

“भोकं मोठी, आणि मागे गाळणीच नाही,” ते काकूंना म्हणाले. “पलीकडे काय आहे, ते मीच विचारलं नाही.”

“आता तरी विश्रांती घ्या.”

“बायका परत ओहळावर गेल्यात.”

नव्या पाइपला बारीक भोकं पाडायची, वरून जाळी गुंडाळायची, असं त्यांनी लहानूला समजावलं. पाइप बसवायच्या आदल्या दिवशी ते गेले. पाड्यातल्या लोकांनी तो नंतर बसवला.

तेराव्याला लहानू पाण्याने भरलेली बाटली घेऊन आला. काकूंनी ती खिडकीत, पट्ट्यांशेजारी ठेवली. संध्याकाळी पाहिलं. तळाशी मुरूम नव्हता.