काळ्या मातीचा जिओटॉर

पृथ्वी घडवणारा प्राणी आमच्या बैठकीच्या खोलीत सहा दिवस पंख्याखाली वाळत होता. त्या सहा दिवसांत घरातल्या एकाही माणसाला पंख्याचा वारा लागला नाही.

प्राण्याचं नाव जिओटॉर. माझी नऊ वर्षांची मुलगी तन्वी मोबाइलवर एक खेळ खेळते. त्यात तऱ्हेतऱ्हेचे राक्षस पकडून जमवायचे असतात. बाकीचे राक्षस आग ओकतात, वीज पाडतात, म्हणजे आपली साधीसुधी कामं करतात. जिओटॉर त्या सगळ्यांचा आजा! त्याने पाऊल आपटलं की दरी पडते, शेपूट हलवली की डोंगर उभा राहतो आणि झोपेत कूस बदलली तरी नदी मुकाट्याने दुसरीकडून वाहायला लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो तन्वीला सापडला तेव्हा तिने गल्लीत पेढे वाटले. (मला बढती मिळाली तेव्हा घरात साधा चहाही जास्तीचा झाला नव्हता.)

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण तान्हा पोळा जवळ आला.

आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा भरतो. चाकांवरचा लाकडी बैल सजवायचा, दोरीने ओढत चौकातल्या तोरणाखाली न्यायचा, मग घरोघर फिरून खाऊ गोळा करायचा. मागल्या वर्षी तन्वीने मामेभावाचा जुना बैल नेला होता. वाटेत त्याचं मुंडकं गळून पडलं आणि तिला कळलंच नाही! ती ऐटीत चौकात पोचली ती नुसतं धड ओढत. सगळी गल्ली हसली. (मीही हसलो. हे मी घरी अजून कबूल केलेलं नाही.) पोरगी ढसाढसा रडली आणि पुढे वर्षभर शाळेत जाताना चौक टाळून मागच्या बोळातून गेली. त्यामुळे यंदा ती काय नेते, हा आमच्या घरात गमतीचा विषय नव्हता.

"बाबा, यंदा माहा जिओटॉर जाईन पोळ्यात."

"अगं, पोळ्यात बैल नेतात."

"त्याले शिंगं हायेत नं! चार पाय हायेत. अन् त्यानं सारी पृथ्वी बनवली. बैलानं काय बनवलं?"

"तू सकाळी खाल्ली ते भाकर," स्वयंपाकघरातून माझी बायको मंगला म्हणाली. पण तोवर तन्वी मला हाताला धरून वानखडे काकांकडे घेऊन निघाली होती.

वानखडे काका निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या गल्लीच्या तान्हा पोळा समितीचे अध्यक्ष. (समितीत दुसरं कोणी नाही.) त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मोबाइलमधलं चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"शिंगं त हायेत," ते म्हणाले. "पण आयक पोरी, अंगावर झूल पाह्यजे. अन् तोरणाखाली सोताच्या चाकावर आला पाह्यजे. उचलून आणला त बाद!"

"येईन काका! माहे बाबा बनवून राह्यले. त्यायले मातीतलं सारं समजते!"

इथे माझी छाती फुगली, आणि घात झाला. मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. मारेगाव तालुक्यातल्या गावोगावी जाऊन, रंगीत तक्ता टांगून, मी शेतकऱ्यांना सांगत असतो, "बंधूंनो, आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात!" शेतकरी हे सौजन्याने ऐकून घेतात. अशा माणसाने पृथ्वी घडवणारा प्राणी कशाचा बनवावा? लाकडाचा? थर्माकोलचा? छे! मी दोन पोती काळी माती घेऊन घरी आलो.

"काहून जी," मंगला म्हणाली, "गावातले सुतार मेले का सारे?"

"मंगला, प्राणी मातीचा आहे. मातीचाच शोभेल."

"मंग त्यात कुटार तरी टाका, शेण टाका. नुस्ती काळी माती उलते, हे माह्या आजीलेई मालूम होतं." मंगलाचं माहेर झरी जामणीकडचं. तिथल्या मातीच्या भिंती तिने लहानपणी स्वतः लिंपलेल्या. पण घरात तज्ज्ञ मी होतो!

"भुशामुळे पोत बिघडतो," मी शास्त्रीय उत्तर दिलं.

"बिघडू द्या. शिंगं मी बनवतो," असं म्हणून तिने घमेलंभर माती उचलली, कुटार आणि शेण घालून तुडवली आणि अंगणात दोन शिंगं करून वाळत टाकली. मी प्रेमाने दुर्लक्ष केलं.

जिओटॉर मात्र झकास झाला. कमरेएवढा उंच, रुंद छाती, मागे ही लांब शेपूट! चाकांसाठी मी चौकाच्या वाटेवर, चढावर गॅरेज असलेल्या सलीमभाईंकडे गेलो. त्यांनी जुन्या फळीला चार बेअरिंग ठोकून दिले आणि विचारलं, "साहेब, वजन किती हाये?"

वजन! गेली कित्येक वर्षं मी मातीचं वजन ग्रॅमच्या दशांशापर्यंत करतो. हे करायचं राहून गेलं होतं.

"असेल पाच-सहा किलो," मी म्हणालो.

घरी येऊन तो प्राणी चाकांवर चढवायला आम्हाला चार शेजारी बोलवावे लागले. सोबत आलेल्या सलीमभाईंनी वाकलेल्या फळीकडे पाहिलं. "साहेब, थे बेअरिंग स्कूटीचे हायेत. रोडरोलरचे नाही."

दुसऱ्या दिवशी पोटावर पहिली भेग पडली. मी ती ओल्या मातीने बुजवली. संध्याकाळी तिथे तीन भेगा होत्या. त्या तिन्ही बुजवल्या, तर सकाळी सबंध पाठीवर जाळं! तन्वी आधी खूश झाली. "बाबा, त्याच्या अंगावर खऱ्या दऱ्या आल्या!" पण चौथ्या दिवशी त्या दऱ्यांत तिचा हात जायला लागला तेव्हा तिचा चेहरा उतरला. "बाबा, याचंबी मुंडकं पडन का?" तिने अगदी हळू विचारलं. मी रजा टाकली. पंखा पाचवर केला, मग एकवर केला, ओलं गोणपाट गुंडाळलं, मग सोडलं. मंगला दारात उभी राहून बघत होती. ती एकदाही "मी म्हटलं होतं" म्हणाली नाही. त्याचाच जास्त त्रास झाला.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी आम्ही मंगलाची शिंगं बसवली, झूल घातली आणि मिरवणूक निघाली. उंबऱ्यावरच शेपूट घरात राहिली. "काही नाही बेटा, डोंगर करून झालेत त्याचे," मी म्हणालो. तन्वीने डोळे पुसले, दोरी खांद्यावर घेतली आणि ओढायला लागली. मी मागून ढकलत होतो. बेअरिंगचा आवाज असा, की गल्लीतली कुत्री आधीच मागच्या बोळात निघून गेली.

सलीमभाईंच्या गॅरेजपाशी पोचलो आणि आभाळ फाटलं.

दहा मिनिटांची सर होती. पण काळ्या मातीला दहा मिनिटं पुष्कळ होतात, हे मी तुम्हाला तक्त्यासह सांगू शकतो. आधी जिओटॉर फुगला. मग चकाकला. मग त्याचे पुढचे पाय सावकाश दुमडले आणि तो बसला. मी झूल चिखलात जाऊ नये म्हणून ओढून माझ्या खांद्यांवर घेतली आणि त्याला मागून आधार दिला. त्याने तो घेतला. सगळा घेतला! मी गुडघ्यांवर आलो, मग हातांवर, आणि माझ्या अंगावरून अर्धा जिओटॉर हळूहळू बाजूच्या नालीत उतरला.

"नाली! साहेब, नाली बुजली!" सलीमभाई ओरडले.

आता काळी माती पाणी धरते, हेही माझ्या व्याख्यानात आहे. नाली गच्च बंद झाली. वरच्या गल्ल्यांचं सगळं पाणी आलं, अडलं, क्षणभर विचार केला आणि रस्त्यावर चढून थेट खालच्या चौकाकडे निघालं. चौक सखल. तिथे तोरण बांधलेलं, लेकरं बैल घेऊन रांगेत उभी, वानखडे काका शिट्टी तोंडात धरून मधोमध! पाहता पाहता तिथे तळं झालं. आधी लहान बैल तरंगले, मग मोठे. एक बैल तर तोरणाखालून उलटा पोहत गेला. आया लेकरं उचलत होत्या, लेकरं बैल उचलत होती आणि काका पायजमा वर धरून ओरडत होते, "हे पानी कोठून येऊन राह्यलं बे?"

सगळ्या गल्लीने वर पाहिलं. वर मी होतो.

मला वाटलं, संपलं. पोरगी आता जन्मभर मागच्या बोळातून जाणार. मी भीत भीत तन्वीकडे पाहिलं. ती दोरी हातात धरून भिजत उभी होती, आणि तिचे डोळे हे एवढे झाले होते.

"बाबा!" ती किंचाळली. "त्यानं खरंच नदी बनवली! खालतं तळंबी बनवलं!"

तेवढ्यात काकांचा आवाज आला, "तोरण सोडा रे! वरतं घ्या, गॅरेजपाशी कोरडं हाये!" सगळा पोळा पाण्यातून वर आला. गॅरेजच्या शटरपासून समोरच्या कडुनिंबाला तोरण बांधलं गेलं, आणि बांधून झाल्यावर काकांच्या लक्षात आलं की तोरणाच्या बरोब्बर खाली चिखलाचा एक ढीग आहे आणि त्यातून दोन शिंगं वर आली आहेत. कुटाराची शिंगं. त्यांना चरासुद्धा गेला नव्हता.

"उचलला नाही काका," तन्वी पुढे होऊन म्हणाली. "चाकं खालीच हायेत. पाहा पाह्यजे त."

काकांनी छत्रीचं टोक ढिगात खुपसलं. आत लोखंडावर ठण्‌ झालं. काकांनी दुसऱ्या बाजूने खुपसलं. पुन्हा ठण्‌.

"हायेत," काका म्हणाले. "पण झूल?"

झूल माझ्या खांद्यांवर होती. मी अजून हाता-गुडघ्यांवरच होतो, कारण उजवी चप्पल पृथ्वीने गिळली होती. डोक्यापासून पायापर्यंत मी काळाभोर.

"थे जोडीतल्या दुसऱ्यापाशी हाये," तन्वी म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातली कुंकवाची पुडी काढली, आधी ढिगाच्या शिंगांना बोट लावलं, मग माझ्या कपाळाला, आणि जोरात शिट्टी फुंकली. "जोडी पास! हर हर महादेव!" गल्लीने असा गजर केला की मला रडू आलं. (चिखलामुळे कोणाला दिसलं नाही.) तन्वी तोरणाखाली उभी राहून हसत होती. मंगला ताट घेऊन आली, तिने ओवाळलं आणि पुरणाच्या पोळीचा घास रीतसर माझ्या तोंडापुढे धरला.

मी मान पुढे करून खाल्ला. बाकी मातीच्या नोकरीत उभं आयुष्य गेलं, पण माझा जाहीर सत्कार एकदाच झाला, आणि तोही बैल म्हणून.