आठ पास

"बसा शेठ, बसा! पळून कुठं चालले?"

पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षातून उतरतानाच ही आरोळी माझ्या कानावर आदळली. दुकानात जाऊन बघतो तर ज्याला ती मारली, तो साडीवाला शेठ आरोळी मारणाऱ्यापासून हातभर अंतरावर बसलेला. आमचे साडूभाऊ ह्याला बोलणं म्हणतात.

उभ्या सुरतेत घाईला दाराबाहेर चपलांशेजारी उतरवून ठेवायला लावणारा असा दुसरा माणूस झालेला नाही. ज्या शहरात लोक जेवतानासुद्धा एक पाय स्कूटरवर ठेवतात, तिथे ह्या गृहस्थांनी पोस्टर छापायचं दुकान काढलं आणि तेही जगातल्या सर्वांत सावकाश पद्धतीनं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. शिरपूरकडून तरुणपणी सुरतेच्या लिंबायतला आले आणि अर्धं आयुष्य कापडाच्या लूमवर उभे राहिले. त्या खडखडाटात शेजारच्याला 'माचिस दे' म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. लूम सुटला, पण आवाज तिथलाच राहिला. घरी मेहुणीबाईही त्यांच्याशी त्याच पट्टीत बोलत. वांग्याची भाजी करायची की भरीत, एवढं ठरलं तरी गल्लीतली माणसं भांडण सोडवायला धावत.

मग कॉम्प्युटरवरून रंगीत पोस्टर काढणारं, खाटेएवढं रुंद मशीन त्यांनी मुंबईहून आणवलं. लिंबायतभर बातमी पसरली की धाग्याशिवाय कापड विणणारा लूम आलाय. चार बायका हळदकुंकू घेऊन आल्या. मशीनच्या पोटात शाईचं एक डोकं असे. ते कागदावरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरे. एकाच पट्टीवरून ते जितक्या वेळा जाईल, तितके 'पास'. चार पासवर काम झटपट, पण चित्रावर मधूनमधून पांढऱ्या रेघा यायची भीती. आठ पासवर रेघ नाही, पण वेळ दुप्पट. साडूभाऊंनी पहिल्या दिवशी मशीन आठवर लावलं, ते लावलं.

"मास्तर, घरात सगळ्यांत शिकलेलं हेच!" ते मला ओरडून सांगत. "मी सातवी नापास, हे आठ पास!"

त्यांचं एक पोस्टर निघेपर्यंत तापीला दोनदा भरती येऊन जाई. एका नवरदेवाच्या बापानं 'सुस्वागतम्' छापायला टाकलं, ते बारशाला उपयोगी पडलं. नातू, म्हणतात, पोस्टर बघून हसला. एका साडीवाल्याचा सेल संपला, साड्यांची फॅशन गेली, परत आली, तेव्हा त्याच्या सेलचं पोस्टर तयार होतं. ह्यातलं थोडंफार मी वाढवून सांगतोय, पण गिऱ्हाईक चहा पिऊन, पेपर वाचून, सासुरवाडीच्या तक्रारी सांगून मगच दुकानाबाहेर पडे, एवढं खरं. कारण हे मशीन नुसतं सुंई-सुंई करी आणि त्यावर साडूभाऊ मनसोक्त बोलत. लूमवरच्या साऱ्या वर्षांत बोलायचं राहून गेलेलं सगळं त्यांनी शिलकीत ठेवलं होतं.

मेहुणीबाई गेल्या. मुलगी लग्न होऊन नंदुरबारला गेलेली. गल्लीतल्या लोकांना आता भांडण सोडवायला धावावं लागेना. त्यानंतर दुकानातला चहा कपातून मोठ्या ग्लासात आला. नुसत्या अक्षरांच्या पोस्टरलाही आठ पास लागू लागले.

"अहो, 'सेल' ह्या दोन अक्षरांवर रेघ आली तर कोणाला दिसणार?" मी म्हणायचो.

"येते मास्तर, रेघ येते!" आणि मग मशीनपेक्षा मोठ्यानं हसून, "गुजरातीत पासे म्हणजे काय? जवळ! जितके पास, तितका वेळ माणूस पासे!"

मी हसलो होतो. विनोद चांगला होता.

समोर पोस्टरचंच नवं दुकान झालं, मशीनही नवं. एकेक गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं. उरला तो हा साडीवाला शेठ, ज्याला मी आल्या आल्या आरोळी ऐकत बसलेला पाहिला. त्याचा सेल संध्याकाळी होता.

"लीटा आवे तो आववा दो!" आता शेठ ओरडला. रेघा आल्या तर येऊ द्या. "नहीं तो सामेवाळा पासे जाऊं छुं!" नाहीतर समोरच्याकडे चाललो.

पासे. साडूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग कॉम्प्युटरकडे वळून आठाचे चार केले.

शाईचं डोकं असं सुटलं, की जणू मागे मुकादम लागलाय. साडूभाऊंनी तीन चहा सांगितले होते. चहाच्या आधी पोस्टर आलं. शेठनं ते दारातल्या उजेडात धरलं, तिरकं करून बघितलं, नाकाला लावून बघितलं आणि खूश होऊन साडूभाऊंच्या पाठीवर थाप मारली. एवढ्यात होत असेल तर आता मला यायलाच नको, म्हणाला, माणूस पाठवीन, तो उभ्या उभ्या घेऊन जाईल. आणि सुरळी काखेत मारून गेलादेखील.

चहा आला. दोन ग्लास आम्ही प्यालो. तिसऱ्यावर साय धरली. मशीन थांबलं होतं आणि त्या दुकानात पंखाही फिरतो, हे मला त्या दिवशी कळलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "रेघा आल्या होत्या का हो?"

त्यांनी उत्तर दिलं, पण मला ऐकूच आलं नाही. ह्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच मी म्हणालो, "काय म्हणालात?"

"नाही आल्या."