सयाजीगंजातल्या लारीवरची सुटी नाणी

माझ्याकडे किस्से गोळा झाले याला कारण, ते घरी सांगायला कोणी नाही! बायको असती तर रविवारी दुपारी जेवताना सांगून मोकळा झालो असतो. आता साठत गेलेत. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालो. हल्ली दर रविवारी सकाळी बडोद्यातल्या सयाजीगंजात एका चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, आम्ही तिघं-चौघं जमतो. प्रत्येकाच्या खिशात आठवड्याची सुटी नाणी आणि एक भिंग. रोजच्या चिल्लरमध्ये एखादं नाणं टांकसाळीत चुकून वेगळं निघालेलं असतं, शौकीन लोक त्याला चांगले पैसे देतात. आम्ही ते शोधतो. सापडतं क्वचित.

*

माझं पहिलं नाणं दुधाच्या सुट्या पैशांत आलं. दोन रुपयांचं. आपलं नाणं उजवीकडून डावीकडे फिरवलं की मागची बाजूही सरळच दिसते. हे फिरवलं तर मागचा आकडा डोक्यावर उभा! चारदा फिरवून पाहिलं. खरंच उलटं.

कुणाला तरी दाखवायला हवं होतं. घरात मी एकटा. शेवटी चपला घालून तीन मजले उतरलो आणि वॉचमनला दाखवलं. त्याने नाणं उन्हात धरलं, खूप वेळ बघितलं आणि काळजीने म्हणाला, "साहब, दुकान में चलेगा ना?"

*

आमच्या लारीवरच्या मेघाबेन बँकेत कॅशियर होत्या. आडनाव मराठी, घरात मराठी, पण सगळं बडोदं त्यांना बेनच म्हणतं. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी नाणी मिळवायची एक युक्ती काढली. सिटी बसमध्ये बसायचं, मोठी नोट द्यायची, सुटे घ्यायचे, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि त्याच बसने परत यायचं.

कंडक्टर ओळखीचा झाला. त्यांच्यासाठी जुनी नाणी बाजूला ठेवायचा. "बेन, आजे क्यां जवानुं?" म्हणून विचारायचा. त्या म्हणायच्या, "तू नेशील तिथे!"

एक दिवस नवा कंडक्टर आला. मेघाबेननी नोट पुढे केली. त्याने गळ्यातलं कार्ड पुढे केलं. "बेन, स्कॅन करी दो ने."

त्या पुढच्या स्टॉपला उतरल्या आणि चालत घरी आल्या.

*

माझा मुलगा कॅनडात असतो. महिन्यातून एक फोन, तोही घाईत. एकदा मात्र सकाळी सकाळी वाजला.

"बाबा, देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं आहे का तुमच्याकडे? व्हिडिओत सांगतायत, दहा लाख मिळतात!"

त्याचे फार तर शे-दीडशे मिळतात, हे मला ठाऊक होतं. ते नाणं समोरच्या डब्यातच होतं. पण मी म्हटलं, "बघावं लागेल रे. उद्या फोन कर."

दुसऱ्या दिवशी केला. मी म्हटलं, कपाट राहिलंय. तिसऱ्या दिवशी माळा राहिला. चौथ्या दिवशी आम्ही तासभर बोललो. त्याच्या लहानपणी माळ्यावर काय काय होतं ते त्याला सगळं आठवत होतं! पाचव्या दिवशी मलाच लाज वाटली. खरं सांगितलं.

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, "रेंज नव्हती."

*

आमच्यातल्याच जयंतीभाईंचं स्टेशनरीचं दुकान. शाळेतल्या मुलांचं निम्मं काम आता फोनवर होतं, त्यामुळे दुकानात माशीही फिरकत नाही. मध्यंतरी गावात अफवा उठली की दहाचं नाणं खोटं आहे. एकावर दहा रेघा, दुसऱ्यावर पंधरा, म्हणून! दोन्ही खरी. पण रिक्षावाले घेईनात, भाजीवाले घेईनात. जयंतीभाईंनी पाटी लावली, 'इथे दहाचं नाणं चालेल.'

रांग लागली! नाणी द्यायची, नोटा घ्यायच्या, दोन मिनिटं गप्पा मारायच्या आणि जायचं. पेन्सिलसुद्धा कोणी घेईना. त्यांच्या मिसेस जेवणाचा डबा घेऊन आल्या, गर्दी पाहून खूश झाल्या, मग गल्ला पाहून म्हणाल्या, "धंधो करो छो के सत्संग?"

जयंतीभाई म्हणाले, "दुकान भरेली तो लागे छे ने!"

*

एकदा लारीवर जवळच्या बाजव्याहून एक पवार म्हणून आले होते. तिकडच्याच कारखान्यात आयुष्यभर शिफ्ट केलेली. त्यांच्याकडचं नाणं अफलातून होतं, छाप अर्धा सरकलेला, अर्धं नाणं कोरं! आमचे डोळे विस्फारले. पण ते आरशासारखं चकचकीत. त्यांनी चिंचेने घासलं होतं. घासलेलं नाणं शौकीन हातात धरत नाहीत. सगळी किंमत गेली.

"अहो पवार, घासलंत कशाला?"

"पाहुणे नाणं बघायला येणार होते."

"मग? काय म्हणाले?"

"आलेच नाहीत!"

*

आता शेवटचा. दिघेकाका. ऐंशी पार केलेले, जुन्या शहरातल्या घडियाळी पोळात, म्हणजे तिथल्या गल्लीत, एकटे राहतात. एका रविवारी लारीवर आले, खिशातून रुपया काढला आणि विचारलं, "हे सालाच्या खाली चांदणीसारखं काय आहे हो?"

मी सांगितलं, ती टांकसाळीची खूण. चांदणी म्हणजे हैदराबाद.

"अरेच्चा! आणि ठिपका असला तर?"

"नोएडा."

"आणि काहीच नसलं तर?"

"कोलकाता, काका."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. अर्धा तास त्यातच जायचा. मेघाबेन वैतागल्या. त्यांनी सगळ्या खुणा एका कार्डावर ठळक अक्षरांत लिहून ते काकांच्या खिशात घातलं. पुढच्या रविवारी काका हजर! "कार्ड घरी राहिलं हो. ही चांदणी म्हणजे..."

दोन वर्षं हे चाललं. मग काका दोन रविवार आले नाहीत. मेघाबेन आणि मी पत्ता विचारत पोळात गेलो. ताप येऊन गेला होता. आम्हाला बसवून ते चहा ठेवायला आत गेले.

समोरच्या भिंतीवर एक जुना ग्रुप फोटो होता. चाळीसेक माणसं, मधल्या खुर्चीवर शाल-नारळ घेऊन काका. खाली लिहिलेलं, 'निरोप समारंभ. टांकसाळ, नाणी तपासणी विभाग.'

मेघाबेननी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. तेवढ्यात काका कपबशा घेऊन बाहेर आले. "साखर पुरेशी आहे ना?" आम्ही चहा प्यायलो आणि निघालो.

पुढच्या रविवारी काका आले. थोडे वाळले होते. बाकावर टेकले, खिशातून रुपया काढून पुढे धरला.

"हे खाली चांदणीसारखं काय आहे हो?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मेघाबेननी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि माझ्या पुढून सरकून काकांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"आणा बघू इकडे. पहिल्यापासून सांगते."