खोटा फ्लॅश

शिरूरमधल्या आमच्या स्टुडिओत आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मीडियम फॉरमॅट कॅमेरा होता. एका रोलमध्ये बाराच फोटो निघायचे. गिऱ्हाईक खांबासारखं ताठ बसायचं, म्हणून आप्पा आधी नुसता फ्लॅश उडवायचे. फोटो निघाला असं वाटून माणूस सैल पडला, की मग खरा काढायचे.

अलीकडेच मी डिजिटल कॅमेरा घेतला. लहानसा, मला परवडेल असा. त्यात हवे तेवढे फोटो निघतात, याचाच कधीकधी राग येतो. पाबळचे एक आजोबा फोटोला बसले. पहिल्याच फोटोत मिशीचा केस न् केस दिसला.

"आता खरा काढा," ते म्हणाले. "तुमचं आप्पा पहिला खोटाच काढायचं, ठाव हाय मला."

आप्पांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. एकदाच मी हट्टानं त्यांना खुर्चीवर बसवलं होतं आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे आधी नुसता फ्लॅश उडवला होता. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

"झाला," म्हणत आप्पा उठले. तो खोटा होता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?