जावयाला नाही म्हणायचा सराव

“मॅडम, एफडी मोडायची हाय. आजच.”

शकुंतलाबाई पिशवी सावरत माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. मी राहुरीत बँकेच्या आर्थिक साक्षरता केंद्रात समुपदेशक आहे. म्हणजे लोकांशी पैशांबद्दल बोलायचं आणि जमलं तर त्यांना खड्ड्यात पडण्याआधी हाताला धरायचं. ही एफडी धाकट्या लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी होती. डेअरीला दूध घालून घालून साठवलेली.

“मोडून काय करणार?”

“थोरल्या जावयांनी सांगितलंय. स्कीम हाय एक. वर्षात दुप्पट.”

माझं डोकंच फिरलं. नव्या माणसाचे पैसे जुन्याला देऊन असल्या स्कीमा कशा चालतात आणि नवा माणूस मिळेनासा झाला की कशा झोपतात, ते मी तावातावाने सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“कळतंय की. बुडनारच हायेत ते.”

“मग देताय कशाला?”

“आता जावयाला न्हाई कसं म्हनायचं?”

मी एवढंच म्हटलं, “उद्या मी तुमच्या बचत गटात येतेय. त्यानंतर मोडू.”

गटात मी चिंचोके वाटून खेळ घेते. चिंचोका म्हणजे पैसा. पूर्वी शेंगदाणे न्यायचे, पण खेळ संपेपर्यंत निम्मी बचत बायकांच्या पोटात जायची! त्या दिवशी मी खेळ बदलला. मी जावई झाले आणि शकुंतलाबाईंकडे चिंचोके मागायला बसले. त्यांनी फक्त द्यायचे नाहीत.

त्यांनी पदर सावरला आणि सगळे दिले. पुन्हा खेळलो. पुन्हा सगळे दिले, वर “च्या टाकू का?” म्हणाल्या. बायका हसून लोळायच्या बाकी होत्या.

“अहो, मी खोटा जावई आहे!”

“व्हय, पन बसलाय तसंच, पाय पसरून.”

“बरं, आता तुम्ही जावई व्हा. ते काय म्हणाले, तसंच म्हणा.”

बाई ऐटीत बसल्या. “मामी, एवढी बारी नड काढा. माझी अब्रू तुमच्या हातात हाय. वरचा साहेब सारखा फोन करतोय...”

आणि थांबल्या. चेहराच उतरला त्यांचा.

“मॅडम, असंच म्हनले हुते ते. मी आपली च्या-पान्याच्या गडबडीत. पोरगं अडकलंय वो.”

मोबाईल घेऊन त्या तशाच बाहेर गेल्या. बऱ्याच वेळाने आत आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. जावयाचे स्वतःचे सगळे पैसे स्कीममध्ये गेले होते. नवा माणूस आणलास तर तुझे मोकळे करतो, असं साहेब सांगत होता. जावयाने बायकोलासुद्धा काही कळू दिलं नव्हतं. मला त्या न पाहिलेल्या माणसाची फार कीव आली.

एफडी मोडली नाही. धाकटीची फी भरली गेली. जावई सासूबाईंना सोबत घेऊन पोलिसांत तक्रार देऊन आला. त्याचे पैसे अजून सुटलेले नाहीत, पण आता घरात सगळ्यांना माहीत आहे.

“शेवटी नाही कसं म्हणालात?” मी नंतर विचारलं.

“म्हनलेच न्हाई. तशी पाळीच आली न्हाई. नुसतं इचारलं, पाव्हनं, तुमचं किती गेलं? तर रडायलाच लागले.”

माझ्या ट्रेनिंगच्या फाईलमध्ये हा प्रश्न नव्हता. आता व्याजदराच्या आधी तोच शिकवते.