शेषगिरीराव रजा देत नाहीत

आधीच सांगून टाकतो — भुतंखेतं, करणी, चेटूक यातलं काहीही मी मानत नाही. भूत भेटलं असतं तर त्यालाही एखादी समई विकून मोकळा झालो असतो! मी थोडं फुगवून सांगतो, हे सगळ्या कुंभकोणमला ठाऊक आहे. आमची बायको तुळसाबाई म्हणते, "यांच्या तोंडातून निघालेली मुंगी दाराबाहेर जाईतो हत्ती होते." कबूल. पण या हकिगतीतली मुंगी मी मुंगीएवढीच ठेवली आहे. हत्ती तिचा तीच झाली...

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आम्ही 'झालं'ला 'होलं' म्हणतो, तुम्हा पुण्याकडच्यांना हसू येतं, हसा. महामहम् तलावाच्या जवळ बाजारात माझं पितळी समयांचं दुकान आहे. माल नाचियार्कोविलहून येतो, गिऱ्हाईक आसपासच्या गावांतून. आणि घासाघीस म्हणाल तर अशी, की समई घेऊन वर तिची सावलीही फुकट मागतील.

म्हणून मी एक पार्टनर निर्माण केला. शेषगिरीराव. माणूस नव्हे हो, नुसतं नाव! गिऱ्हाइकानं भाव पाडला की मी हात जोडायचो, "माझं काय अण्णा, मी तर असंच देईन. पण चेन्नैचे आमचे पार्टनर... त्यांनाच मेसेज करा." त्यांचा नंबर म्हणजे माझंच दुसरं सिम. बस स्टँडजवळच्या सेल्वमनं माझ्या फोनवर मेसेजच्या अ‍ॅपचं एक नकली भावंड टाकून दिलं होतं. वर आपलं अस्सल अकाउंट, खाली शेषगिरीरावांचं.

"सार, हे कंपनीचं नाही हां. बाहेरची फाइल आहे," सेल्वम म्हणाला होता. "त्यांना कळलं तर अकाउंट बंद करतात."

"कुठलं?"

"ती त्यांची मर्जी, सार."

डीपीला पेटती समई लावली. मी बडबड्या, म्हणून त्यांना घुमं केलं. "परवडत नाही." "जमणार नाही." बस्स! माझ्याशी तासभर भांडणारी माणसं त्यांच्यापुढे मुकाट मान तुकवायची. मग मला चटकच लागली. मेव्हण्याकडचं बारसं? पार्टनर सोडत नाहीत. कुणाची साठीशांत? पार्टनर सोडत नाहीत. घरातसुद्धा हेच! तुळसाबाई त्या न पाहिलेल्या माणसाला मनसोक्त शिव्या द्यायची आणि मी माना डोलवायचो.

एके दिवशी जेवून दुकानात आलो, तर तिरुनीलक्कुडीचे एक शेतकरी बसलेले. मुलीच्या लग्नाला समयांची जोडी हवी होती. म्हणाले, "तुमच्या पार्टनरनी कळवलंय. या जोडीतली डावी घेऊ नका, मधले आटे झिजलेत."

माझा फोन गल्ल्यात होता आणि गल्ल्याची किल्ली माझ्या कमरेला. समई उघडून पाहिली — आटे खरंच झिजलेले! मला स्वतःला माहीत नव्हतं.

"देवमाणूस आहेत तुमचे पार्टनर," ते म्हणाले. "तुम्ही मात्र बोलता फार."

सेल्वमची मस्करी असणार, म्हणून मी हसण्यावारी नेलं. माल खपत होता ना!

मग पुण्याहून रुक्माचा फोन आला. रुक्मा आमची एकुलती एक. पहिलं बाळंतपण, आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलेलं. "आप्पा, मला भीती वाटते हो. तुम्ही दोघंही या. या वेळी शेषगिरीकाकांचं नाव काढू नका." या पोरीनं जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी लगेच तिकिटं काढली. फोन खिशात टाकतोय तोच वाजला. खालच्या अकाउंटवरून वरच्या अकाउंटला मेसेज: "जमणार नाही."

माझ्या फोनवरून मलाच!

तडक सेल्वमकडे गेलो. त्यानं फोन उलटासुलटा केला, घाम पुसला. "सार, बाहेरून कुणी घुसलेलं नाही. इथूनच टाइप झालंय."

"काढून टाक ते!"

त्यानं ते अ‍ॅप उडवलं. फोन बंद करून चालू केला... आणि कंपनीची नोटीस आली. नियमभंगामुळे अकाउंट कायमचं बंद. कुठलं? माझं! अस्सल, जुनं, माझ्या फोटोचं. आणि खाली पेटत्या समईचं चित्र जागच्या जागी. सेल्वमनं फोन माझ्या हातात कोंबला आणि म्हणाला, "सार, परत आणू नका."

रुक्माला साधा फोन लावला. ती रडत होती. "कळलं मला. काकांनी कळवलं, तुमचं तिकीट रद्द केलंय म्हणून. येणारच नव्हता तर हो कशाला म्हणालात?"

"अगं, शेषगिरी नावाचं कुणी नाहीच! तो मीच!"

"काहीतरीच काय आप्पा. ते किती कमी बोलतात!"

जन्मभर हत्ती विकले, आता खरी मुंगी कोण घेणार?

माझं एकट्याचं तिकीट खरंच रद्द झालेलं होतं. म्हटलं, उभ्यानं जाईन. निघायच्या सकाळी रिक्षात पेट्या ठेवल्या, तर रिक्षापुढे ते तिरुनीलक्कुडीचे गृहस्थ, मागे त्यांचे व्याही, आणखी दोन वऱ्हाडं. सगळ्यांना पार्टनरनी आजचाच वायदा दिलेला. "मुहूर्त आहे, अण्णा. समया घेतल्याशिवाय कसं जाणार?"

तुळसाबाई भावाला घेऊन निघाली. "त्यांचं काम होलं की मागनं या," म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

काम काही होईना. तिकीट काढावं, की त्याच दिवशीचा कुणाला तरी वायदा गेलेला! सिम मोडलं, अकाउंट चालूच. नवा फोन घेतला, तर त्यातही ती समई आधीच पेटलेली. दुकानाचं शटर ओढावं, तर बाहेरून कुणी म्हणायचं, "पार्टनर म्हणाले, आत आहात."

आणि बाकी सगळं विसरा, ही एकच गोष्ट घ्या. परवा दुपारी दुकानात एकटाच होतो. फोन वाजला. रुक्माचा मेसेज, शेषगिरीरावांच्याच अकाउंटवर — माझं आहे कुठे? दुपट्यात गुंडाळलेली चिमुकली, डोळे घट्ट मिटलेले, नाक थेट आमच्या घराण्याचं. खाली लिहिलेलं: "शेषगिरीकाका, मुलगी झाली. आप्पांना दाखवाल का?"

हे सगळं लिहितं कोण, याचं सेल्वमकडे उत्तर नाही, माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा. फक्त मेसेज करू नका, तो मला मिळणार नाही.

फोन गल्ल्याच्या लाकडावर उताणा ठेवला होता. माझे दोन्ही हात तोंडावर होते. बोटांच्या फटीतून पाहतो, तर रुक्माच्या मेसेजखाली अक्षरं उमटत होती.

"दाखवली. रडताहेत."