बिशपची वहिवाट

मॉरीन एंडाकॉटच्या घरात गेल्या चाळीस वर्षांत तीन बिशप नांदले आणि तिघांनाही शेपूट होतं. पहिला तिच्या लग्नात आहेर म्हणून आला, दुसरा पहिला गेल्यावर आठव्या दिवशी आला आणि तिसरा हा हल्लीचा, तेरा वर्षांचा, एका डोळ्याने अधू, मागच्या पायांत लटपटणारा. तिघेही टेरियर, आखूड पायांचे, खरखरीत केसांचे आणि अन्नावर भारी श्रद्धा असलेले. नव्या पाद्रीणबाईंनी एकदा भीत भीत विचारलं, "कुत्र्याला बिशप का म्हणता हो?"

मॉरीन म्हणाली, "आपण आलो की सगळ्यांनी उठून उभं राहावं, असं त्यालाही वाटतं म्हणून."

दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारी, वेदीवरची पितळी भांडी घासून लख्ख करणारी बाई ती. तिला बोलणार कोण?

बडलकोम गावाची सकाळ मॉरीन आणि बिशप यांच्या फेरीने सुरू व्हायची. घरामागून चढण चढली की पिवळ्या काटेरी झुडपांचं माळरान. तिथे बिशप प्रत्येक झुडपाची हजेरी घेई. माळ उतरला की विम नदीचं खोरं, तिथून वॉल्टर योच्या कुरणातली चारशे पावलं, मग नदीच्या काठाकाठाने लाल कड्यांपाशी, गोट्यांच्या किनाऱ्यावर. तिथे बिशप समुद्रावर एकदा भुंकायचा, तो जागेवर आहे याची खात्री करून घ्यायचा आणि माघारी वळायचा. पाऊस असो, गारा असो, नाताळ असो. देव एक दिवस विश्रांती घेतो म्हणतात. बिशपने ती कधी घेतली नाही.

वॉल्टर यो दोन वर्षांमागे वारला. शेत विकलं गेलं आणि शहरातून मिस्टर फेनविक आले. त्यांनी कुरणात लांब मानेचे, लोकरीचे अल्पाका सोडले आणि मार्च महिन्यात दोन्ही फाटकांना कुलपं ठोकली. वर पाटी: खासगी जागा. कुत्र्यांना सक्त मनाई.

उरला तो दोन मैलांचा डांबरी रस्ता. त्याला कडेने पाय टाकायला जागा नाही आणि दुधाचे टँकर अंगावरून जातात. मॉरीनने चर्चच्या जुन्या बाजारातून बाळाची ढकलगाडी आणली, तिच्यात बिशपला बसवलं आणि निघाली. पहिल्या वळणावर टँकरवाल्याने असा भोंगा वाजवला की बिशप गाडीत गोल फिरला आणि गाडी काटेरी कुंपणात शिरली. दुसऱ्या दिवसापासून तो कुलपाच्या फाटकापुढे जाऊन बसू लागला. उठेना, धड जेवेना. सॉसेज तोंडाशी धरलं तर बघून मान वळवली. हे म्हणजे खऱ्या बिशपने वेदीवरचा द्राक्षारसाचा पेला नाकारण्यासारखं झालं.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचे पाय दाबून पाहिले. "चालता ठेवा त्याला, मॉरीन. तोही रोजच्या वाटेने. तो थांबला की संपला."

तेव्हा वाट खुली व्हावी म्हणून गावाने जिल्ह्याकडे अर्ज केला आणि सप्टेंबरात वाटांच्या अधिकारी हॅरियट बून सभागृहात चौकशीला आल्या. तरणीताठी बाई, बुटांना चिखल, हातात भलामोठा नकाशा. सगळं गाव जमलं होतं. चहाच्या भांड्याखाली शेगडी ढणढणत होती. मिस्टर फेनविक कोपऱ्यात एकटेच अंग चोरून बसले होते आणि बिशप मॉरीनच्या खुर्चीखाली घोरत होता.

"नियम सोपा आहे," हॅरियट बून म्हणाल्या. "वीस वर्षं लोक एखाद्या वाटेने गेले, परवानगी न घेता, दांडगाई न करता, लपूनछपून नाही, तर ती वाट लोकांची. मालकाला ती बंद करता येत नाही."

"मग प्रश्नच मिटला!" सिंथिया लार्कवर्दी उठल्या. त्या गावच्या फेरफटका मंडळाच्या अध्यक्ष, गळ्यात मोत्यांची माळ, आवाजात कायम आभारप्रदर्शन. "वॉल्टर होते तोवर पंचवीस वर्षं आमचं मंडळ तिथून जात होतं. चौतीस सभासद! आणि किती सभ्यपणे! दर नाताळला मी स्वतः वॉल्टरना मनुकांचा केक नेऊन द्यायची, मंडळाच्या वतीने. सोबत चिठ्ठी, की आम्हाला जाऊ देता त्याबद्दल ऋणी आहोत. त्यांचं उत्तरही जपून ठेवलंय मी." त्यांनी पिशवीतून चौकटीत बसवलेलं कार्ड काढलं आणि चष्मा लावून वाचलं. "'फेरफटका मंडळाने माझ्या कुरणातून खुशाल जावं. माझी परवानगी आहे. वॉल्टर यो.' बघा, किती भला माणूस!"

हॅरियट बून यांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, ही तर परवानगी झाली."

"हो ना!"

"परवानगीने गेलात म्हणजे हक्काने नाही गेलात. चौतीसच्या चौतीस साक्षी बाद."

खुर्चीखालचं बिशपचं घोरणं आता शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. पंचवीस केक! एकेका केकात पाव लिटर ब्रँडी! सिंथियाबाई मटकन खाली बसल्या.

"म्हणजे आम्ही आभार मानले म्हणून..."

"तू गप राहिली असतीस तर चाललं असतं, सिंथिया," दारूच्या गुत्त्याचा मालक डेन्झिल मागून म्हणाला. "पण ते तुला कधी जमलंय?"

हॅरियट बून यांनी गळा साफ केला. "मंडळात नसलेलं कुणी आहे का? त्या वाटेने जाणारं, मालकाला न विचारता, आभार न मानता? थोडक्यात..." त्या अडखळल्या.

"थोडक्यात, बेशरम," डेन्झिलने मदत केली. "मी आहे. वीस वर्षं गुत्ता बंद करून तिथूनच घरी जातोय. वॉल्टर दिसला तरी मान हलवली नाही, कारण मान हलवली की मीच पडायचो."

गावात आता उलटाच बाजार सुरू झाला. एरवी जी माणसं पाय चुकून लागला तर खुर्चीचीही माफी मागतात, ती उठून उठून आपला उद्धटपणा सांगू लागली. प्लंबर म्हणाला, मी वॉल्टरला कधी गुड मॉर्निंगसुद्धा घातलं नाही. पोस्टातली जुनी बाई म्हणाली, मी तर त्याच्या कुरणातली मशरूम खुडून न्यायची. "मशरूमचं नका सांगू," हॅरियट बून कुजबुजल्या. मंडळाने ज्यांना ज्यांना नाक मुरडून बाहेर ठेवलं होतं, अशी सहा माणसं निघाली. पण रोज, भरदिवसा, मालकाच्या डोळ्यांदेखत जाणारं एकच होतं.

सगळ्या माना मॉरीनकडे वळल्या.

"एंडाकॉटबाई, तुम्ही मंडळात नाही?"

"होते. काढून टाकलं. कड्यावरच्या सहलीत बिशपने अध्यक्षीणबाईंचं अंड्याचं सँडविच खाल्लं आणि मग त्यांच्या पाठपिशवीला आशीर्वाद दिला."

"मागचा पाय वर करून!" सिंथियाबाई म्हणाल्या.

"बिशप आहे तो. त्याची रीत वेगळी."

"आणि वॉल्टर यो यांच्याशी तुमचं कधी बोलणं?"

"तो जाईपर्यंत बावीस वर्षं एक शब्द नाही."

कारण सगळ्या गावाला पाठ होतं, तरी तिने सांगितलं. चोवीस वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत कुत्र्यांच्या स्पर्धा होत्या आणि वॉल्टर परीक्षक होता. मॉरीनने दुसऱ्या बिशपला अंघोळ घालून, विंचरून 'सर्वांत देखणा कुत्रा' यासाठी आणलं. तिथे त्याला काहीच मिळालं नाही. मात्र 'मालकाशी सर्वांत जास्त साम्य असलेला कुत्रा' यात वॉल्टरने त्याला पहिलं बक्षीस दिलं आणि लाल फीत लावली. ती बिशपला नव्हे, चुकून मॉरीनला.

हॅरियट बून यांनी खोकल्याचं निमित्त केलं.

"दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या कुरणातून मान ताठ ठेवून गेले. तो समोरून यायचा, मी आकाशाकडे बघायची. तोही आकाशाकडे बघायचा. बावीस वर्षं पावसाचा अंदाज आमच्याइतका कुणी घेतला नसेल."

मिस्टर फेनविक उठले. चेहरा लालबुंद झाला होता. "हे बघा, मला भांडण नकोय. मला लहानपणी कुत्रा चावला होता, म्हणून ती पाटी. पण या बाईंचा म्हातारा कुत्रा... मी आत्ताच त्यांना परवानगी देऊन टाकतो."

"नको!" सगळं सभागृह एका आवाजात ओरडलं. बिशप दचकून जागा झाला आणि सवयीने एकदा भुंकला.

"मी फक्त चांगुलपणाने..."

"चांगुलपणा आवरा, मिस्टर फेनविक! त्यानेच वाटोळं झालंय!" डेन्झिल म्हणाला. आता दिलेल्या परवानगीने मागची वीस वर्षं पुसली जात नाहीत, असं हॅरियट बून सांगत होत्या, पण ऐकतो कोण?

मग त्यांनी मॉरीनपुढे कागद सरकवला. "शेवटचा प्रश्न. खाली सत्यकथन म्हणून सही करायची आहे. मालकाने कधीही, कोणत्याही शब्दांत, त्या वाटेने यायला सांगितलं का?"

मॉरीनने पेन उचललं, आणि ते तसंच हवेत राहिलं.

तीन हिवाळ्यांमागची ती सकाळ तिच्या डोळ्यांपुढे आली. नदी फुगली होती, बिशप काठच्या चिखलात पोटापर्यंत रुतला होता आणि ती गुडघ्यांवर बसून त्याचे पुढचे पंजे धरून रडत होती. वॉल्टर धापा टाकत आला, चिखलात उतरला. आणि मग तो बोलला होता. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती.

नाही लिहिलं तर कुणाला कळणार होतं? वॉल्टर मातीत होता. ढकलगाडी घराच्या पडवीत होती, तिचं वाकडं झालेलं चाकसुद्धा तिला दिसलं. खुर्चीखालून बिशपने आपली हनुवटी तिच्या बुटावर टेकली. पण समोर भिंतीवर पाद्रीणबाईंनी टांगलेला लाकडी क्रूस होता आणि त्याच्याखाली, काल तिनेच घासलेली, पितळी मेणबत्तीदाणी. खोटं लिहून पुन्हा ती घासायची कशी? मनातल्या मनात ती म्हणाली, 'देवा, तुला हीच वेळ सापडली?'

"एकदा बोलला होता," ती म्हणाली.

सभागृहातून सुस्काऱ्यांची लाट गेली. डेन्झिल हळूच म्हणाला, "अगं बये, गप."

"काय म्हणाले?" हॅरियट बून यांनी विचारलं. "शब्द आठवतायत?"

"शब्दन् शब्द. बिशपला त्याने चिखलातून ओढून काढलं, कोटात गुंडाळलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्याच कानात म्हणाला, 'तू ये रे बाबा केव्हाही, कुरण तुझंच आहे. तुझ्या बाईला तोंड उघडायचं नसेल तर राहू दे.'"

"म्हणजे बोलले ते कुत्र्याशी?"

"माझ्याशी कशाला बोलेल? आमचं भांडण होतं!"

हॅरियट बून यांनी ते वाक्य कागदावर उतरवून घेतलं. त्यांच्या ओठांचे कोपरे हलत होते.

"एंडाकॉटबाई, कायद्याने कुत्रा म्हणजे जनता नव्हे. परवानगी त्याला मिळाली, तुम्हाला नाही. तुम्ही चोवीस वर्षं हक्कानेच गेलात. तो तेवढा मेहेरबानीवर गेला." त्यांनी नकाशाची घडी घातली. मग सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "वॉल्टर यो ना? आमच्या जिल्ह्याच्या वाटांच्या समितीवर अठरा वर्षं होते ते. हा नियम त्यांना तोंडपाठ होता."

सिंथियाबाईंनी मांडीवरच्या चौकटीकडे पाहिलं. मंडळाला अगदी लेखी परवानगी. आणि जी बाई रोज नाक वर करून जायची, तिला एक अक्षर नाही.

"पंचवीस केक खाल्ले मेल्याने!" त्या पुटपुटल्या.

मॉरीनने कागद जवळ ओढला. सही करताना तिचं आडनाव रेघेबाहेर गेलं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि बिशप फाटकापाशी आले तर कुलूप नव्हतं आणि पाटीही नव्हती. अल्पाका वरच्या कुरणात हलवलेले. मिस्टर फेनविक हातात पक्कड घेऊन नदीकडून येत होते. तिला पाहून त्यांनी तोंड उघडलं, मग काहीतरी आठवून ते मिटलं आणि घाईघाईने आकाशाकडे पाहिलं. मॉरीननेही आकाशाकडे पाहिलं. ढग होते, पण पावसाचे नव्हते. माणूस वाईट नाही, तिच्या मनात आलं, शेजारधर्म शिकतोय.

त्या दिवशी समुद्रापर्यंत पोचायला त्यांना दुप्पट वेळ लागला. बिशप गोट्यांवर उभा राहिला, धडपडत सावरला आणि एकदा भुंकला. घरी येऊन त्याने तीन सॉसेज खाल्ली.

निकालाचं पत्र नोव्हेंबरात आलं. वाट लोकांची म्हणून नकाशावर घ्यावी. हरकतींसाठी मुदत सहा आठवडे. मॉरीन पत्र घेऊन चर्चच्या आवारात गेली, वॉल्टरच्या थडग्यापाशी. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर तोंड उघडलं, आणि शब्द ओठांवर आला तशी थबकली. आजूबाजूला पाहिलं. हरकतींचे सहा आठवडे अजून जायचे होते. आभार मानले आणि कुणी ऐकलं तर?

"नाताळनंतर येते," ती त्या दगडाकडे न बघता आकाशाला म्हणाली.

बिशपचं तसं नव्हतं. त्याला परवानगी होती, तेव्हा आभार मानायला हरकत नव्हती. तो लटपटत पुढे झाला, दगडाच्या डाव्या कोपऱ्याला अंग टेकलं, आणि जमेल तेवढा पाय वर केला.